यजमानाचे घड्याळ, पाहुण्याचे घड्याळ

एकाच यंत्राबद्दल, एकाच तासात, तीन माणसे तीन वेगळे आकडे सांगतात आणि तिघेही खरे बोलत असतात. यंत्रासमोर बसलेला म्हणतो, प्रोसेसर जेमतेम चार टक्के कामात आहे. दुसऱ्या शहरातून आलेख पाहणारा म्हणतो, सरासरी तीस टक्के, काळजीचे कारण नाही. आणि ज्याचे काम अडले आहे तो म्हणतो, माझे यंत्र शंभर टक्क्यांवर जाऊन बसले आहे. या तिघांच्या भांडणाला साठ वर्षांचा इतिहास आहे. तो सहसा कोणी सांगत नाही, कारण मोजमापाच्या साधनांचा इतिहास लिहिण्यात कोणाला रस नसतो. इतिहास लिहिला जातो तो यंत्रांचा.

आधी शब्द. एका खऱ्या संगणकाच्या पोटात अनेक संगणक असल्याचा आभास निर्माण करता येतो. प्रत्येकाला वाटते, हा प्रोसेसर, ही स्मृती, ही डिस्क आपली एकट्याची. या आतल्या संगणकांना व्हर्च्युअल मशीन किंवा गेस्ट म्हणतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या खऱ्या यंत्राला होस्ट. मी या लेखात पाहुणा आणि यजमान म्हणणार आहे. दोघांच्या मध्ये बसून वाटप करणारा जो कारभारी प्रोग्रॅम असतो त्याला हायपरव्हायजर म्हणतात. पूर्वी संगणकाच्या मुख्य प्रोग्रॅमला सुपरव्हायजर म्हणत. हा त्याच्याही वरचा, म्हणून हे नाव.

माझे औपचारिक शिक्षण या विषयातले नाही. वीस-बावीस वर्षे मी केबल ओढणे, रॅकमध्ये सर्व्हर चढवणे, यूपीएसच्या बॅटऱ्या बदलणे ही कामे केली. इतिहासाचा नाद त्यातून लागला. आयबीएमची पन्नास-पन्नास वर्षांपूर्वीची मॅन्युअले आता स्कॅन करून ठेवलेली सापडतात आणि प्रिन्स्टन विद्यापीठातल्या मेलिंडा व्हॅरियन यांनी व्हीएम या प्रणालीचा आणि ती वापरणाऱ्या माणसांचा इतिहास लिहून ठेवला आहे. तो वाचताना कादंबरी वाचल्यासारखे वाटते, एवढे सांगून पुढे जातो.

१९६४ साली आयबीएमने अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये, एमआयटीच्या शेजारी, एक छोटे संशोधन केंद्र उघडले. नॉर्म रासमुसेन त्याचे प्रमुख. त्याच वर्षाच्या अखेरीस रॉबर्ट क्रीझी आणि लेस कोमो यांनी सीपी-४० नावाच्या प्रयोगाला हात घातला. सिस्टिम ३६० मॉडेल ४० या यंत्रात खास बदल करून त्यांनी एकावर चौदा आभासी यंत्रे उभी केली. १९६७ च्या जानेवारीत ही प्रणाली रोजच्या कामाला लागली. पुढे तिचीच सीपी-६७ झाली आणि १९७२ च्या ऑगस्टमध्ये व्हीएम/३७० या नावाने ती आयबीएमच्या ग्राहकांसमोर आली.

या प्रयोगाबद्दल सहसा असे सांगितले जाते की, महागडे यंत्र अनेकांना वाटून देण्यासाठी तो झाला. ते खरे आहे, पण अर्धे. प्रोग्रॅम चालताना नेमके कसे वागतात याचा डेटा गोळा करणे आणि त्यावरून पुढची यंत्रे सुधारणे, हाही सीपी-४० च्या जाहीर हेतूंपैकी एक होता. म्हणजे आभासी यंत्र जन्मले तेच मोजमापाचे साधन म्हणून. आतल्याला कळू न देता बाहेरून त्याच्याकडे पाहता यावे, ही मूळ कल्पनेतली गोष्ट आहे, मागाहून जोडलेली सोय नव्हे. केंब्रिजच्याच इव्ह बार्ड यांनी १९७१ मध्ये सीपी-६७ च्या कामगिरीच्या मोजमापावर शोधनिबंध लिहिला. व्हीएम/३७० मध्ये मॉनिटर नावाची आज्ञा होती. ती यजमानाच्या हृदयाचे ठोके टेपवर नोंदवून ठेवी. ती वापरण्याचा अधिकार अर्थातच थोड्यांना.

पण मला त्याहून मोलाची वाटते ती सामान्य वापरकर्त्याला मिळणारी एक साधी सोय. टर्मिनलवर वेळ विचारली की व्हीएम/३७० त्याला तीन आकडे देई. पहिला, तू किती वेळ जोडलेला आहेस. दुसरा, तुझ्या आभासी यंत्राने स्वतः किती प्रोसेसर वेळ वापरला. तिसरा, तुझ्यासाठी कारभाऱ्याने खर्च केलेला वेळ धरून एकूण किती झाला. भिंतीवरचे घड्याळ, पाहुण्याचे घड्याळ आणि यजमानाचा हिशेब, तिन्ही एका ओळीत. शिवाय इंडिकेट नावाची आज्ञा होती. तिच्यामुळे साध्या वापरकर्त्यालाही यजमानावर आत्ता किती भार आहे हे विचारता येई. माझे काम हळू का चालले आहे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्याला कोणाच्या पाया न पडता मिळत होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी. शेवटी तिचे काम पडणार आहे.

१९७४ च्या जुलैमध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी आभासी यंत्र कशाला म्हणावे याची काटेकोर व्याख्या मांडली. आजही विद्यार्थ्यांना ती शिकवतात. तिच्यातली पहिली अट अशी की, आभासी यंत्रात चालणाऱ्या प्रोग्रॅमला खऱ्या यंत्रात चालल्यासारखेच सारे भासले पाहिजे. पण अटीला दोन अपवाद जोडलेले आहेत. साधनसामग्री कमी-जास्त उपलब्ध असल्यामुळे पडणारा फरक आणि वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टींतला फरक, एवढे सोडून. पाठ्यपुस्तके हे अपवाद एका वाक्यात उरकतात. माझ्या मते सगळा तंटा त्या अपवादात आहे. पाहुण्याला सगळे खरे दिसेल, फक्त आपल्याला किती मिळाले आणि किती वेळ लागला हे सोडून. आणि कामगिरी मोजणे म्हणजे तरी दुसरे काय असते? किती मिळाले, किती वेळ लागला.

हे कसे घडते ते थोडे उकलून सांगतो. साधा संगणक वेळ मोजतो ती टिचक्यांवर. घड्याळाची चिप सेकंदाला शंभर किंवा हजार वेळा प्रोसेसरला टोचते आणि प्रत्येक टोचणीला संगणक नोंद करतो, की आत्ता मी काम करत होतो की रिकामा होतो. पाहुण्याला ही टोचणी कारभाऱ्याच्या हातून मिळते. पाहुण्याची पाळी नसते तेव्हा तो गोठलेला असतो. त्याला झोपल्याचेही कळत नाही, कारण कळण्यासाठी जागे असावे लागते. जागा झाला की राहिलेल्या टिचक्या त्याला भराभर दिल्या जातात, किंवा बुडतात. त्या तो ज्या कामाच्या खात्यावर लिहितो, त्या कामाने तेवढा वेळ खाल्लेलाच नसतो. म्हणून तिसरा माणूस खोटे न बोलता शंभर टक्के म्हणतो.

मधली वीसेक वर्षे आभासी यंत्रे आयबीएमच्या मेनफ्रेमपुरती राहिली आणि बाहेरच्या जगात एक सर्व्हर एक काम अशी रीत पडली. याच काळात पाहण्याच्या साधनांची दोन घराणी तयार झाली. जवळून पाहणाऱ्यांमध्ये सगळ्यांत प्रसिद्ध टॉप. १९८४ मध्ये विल्यम लफेव्हर यांनी ते लिहिले आणि आजही युनिक्सच्या वंशातल्या कुठल्याही यंत्रावर बसणाऱ्या माणसाची बोटे आधी तेच अक्षर दाबतात. दुरून पाहणाऱ्यांचा पाया १९८८ मध्ये एसएनएमपी या ठरावाने घातला गेला. यंत्रावर एक छोटा हस्तक बसवायचा, लांबच्या यंत्राने त्याला ठरावीक वेळाने प्रश्न विचारायचे, त्याने आकडे द्यायचे. १९९५ मध्ये टोबी ओटिकर यांनी एमआरटीजी लिहिले. दर पाच मिनिटांनी विचारपूस करून ते आलेख काढी. ते हिरवे-निळे आलेख ज्यांनी पाहिले आहेत त्यांच्या डोळ्यांसमोर ते लगेच येतील. त्यातली एक खोड मात्र फार कमी लोकांना ठाऊक असे. समोरच्या यंत्राने उत्तर दिले नाही, तर एमआरटीजी मुळात शेवटचाच आकडा पुन्हा काढत राही. शून्य काढायचे असेल तर तसे मुद्दाम सांगावे लागे. म्हणजे यंत्र गुदमरून मुके झाले तरी आलेखावर काही काळ ते पूर्वीसारखेच ठणठणीत.

जवळचा आणि दूरचा यांत भांडण लावताना आपण एक गोष्ट विसरतो. दूरच्या साधनाला स्वतःचे डोळे नसतात. ते त्या स्थानिक हस्तकाच्या डोळ्यांनी पाहते. हस्तक ज्या खोलीत बसला आहे त्या खोलीपलीकडचे त्याला दिसत नसेल, तर हजार किलोमीटरवरच्या आलेखालाही दिसणार नाही.

आणि नेमके तेच पुढे झाले. इंटेलच्या साध्या प्रोसेसरवर आभासी यंत्रे नीट उभी राहत नसत. त्यात सतरा सूचना अशा होत्या की, त्या कारभाऱ्याला चुकवून निघून जात. स्टॅनफर्डच्या संशोधनातून १९९८ मध्ये निघालेल्या व्हीएमवेअरने यावर तोड काढली आणि २००१ मध्ये सर्व्हरसाठी ईएसएक्स आणले. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या केंब्रिजहून झेन आले. (पहिली आभासी यंत्रे अमेरिकेतल्या केंब्रिजची, ही मूळ केंब्रिजची. योगायोगच, पण मला गंमत वाटते.) २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही आले.

या तिघांच्याही रचनेत एक सारखेपणा होता आणि घोटाळ्याचे मूळ त्यात होते. ईएसएक्सच्या पडद्यासमोर बसले की लिनक्ससारखा ओळखीचा प्रॉम्प्ट येई. त्याला सर्व्हिस कन्सोल म्हणत. झेनमध्ये तीच जागा डोमेन शून्यची. हायपर-व्हीमध्ये तर आपण स्वतः बसवलेले विंडोज समोर असते, नेहमीच्या टास्क मॅनेजरसकट. पाहणाऱ्याला वाटते, हाच यजमान. प्रत्यक्षात हायपरव्हायजर सुरू होताक्षणी तो कन्सोल, ते डोमेन शून्य, ते पहिले विंडोज स्वतःच त्याच्या वरच्या मजल्यावर जाऊन बसलेले असते. अधिकार मोठे, किल्ल्या त्याच्याकडे, पण प्रोसेसरच्या वाटपात तोही एक पाहुणाच. घरमालक आपल्याच घरात एका खोलीचा भाडेकरू व्हावा तसे. त्याचा टॉप किंवा टास्क मॅनेजर त्याच्या खोलीतला खर्च दाखवतो. शेजारच्या आठ खोल्यांत आग लागली असली तरी आकडा चार टक्के. पहिल्या माणसाचा आकडा हा असा.

खरा हिशेब पाहायचा तर हायपरव्हायजरला विचारणारे वेगळे साधन लागते. ईएसएक्समध्ये ईएसएक्सटॉप, झेनमध्ये झेनटॉप, हायपर-व्हीमध्ये हायपरव्हायजरचे स्वतंत्र काउंटर. २००७ च्या फेब्रुवारीत लिनक्समध्येच आलेल्या केव्हीएमने मात्र वेगळी वाट घेतली. तिथे लिनक्स हाच कारभारी आणि प्रत्येक पाहुणा एक साधी प्रोसेस. म्हणून यजमानावरचा साधा टॉपही पाहुण्यांचा खर्च दाखवतो. माझ्यासारख्या बाहेरून शिकलेल्या माणसाला हीच रचना जास्त सरळ वाटते. तिच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच काही बोलता येईल, पण तो वाद इथला नाही.

आता दुसऱ्या माणसाकडे, आलेखवाल्याकडे. व्हीएमवेअरच्या हिशेबात रेडी नावाचा एक आकडा असतो. पाहुणा काम करायला तयार आहे, पण प्रोसेसर मिळत नाही म्हणून रांगेत उभा आहे, असा वेळ. ईएसएक्सटॉप तो मुळात दर पाच सेकंदांनी टक्क्यांत दाखवतो, हवे तर दोन सेकंदांनी. मध्यवर्ती व्हीसेंटर वीस-वीस सेकंदांचा हिशेब मिलिसेकंदांत ठेवतो, तोही तासभरच. मग एका दिवसासाठी पाच मिनिटांचे गठ्ठे, आठवड्यासाठी अर्ध्या तासाचे, महिन्यासाठी दोन तासांचे, वर्षासाठी एका दिवसाचे. समजा, एका प्रोसेसरचा पाहुणा एक मिनिटभर निम्मा वेळ रांगेत उभा राहिला, म्हणजे तीस सेकंद. चालू पडद्यावर ५० टक्के दिसतील. पाच मिनिटांच्या गठ्ठ्यात १० टक्के. अर्ध्या तासाच्या गठ्ठ्यात दीड-पावणेदोन. दोन तासांच्या गठ्ठ्यात अर्धा टक्काही नाही. एका दिवसाच्या गठ्ठ्यात ०.०३५. कोणी काही लपवलेले नाही. भागाकार बरोबर आहे. ते मिनिट मात्र राहिलेले नाही.

हा भागाकार कागदावरचा राहत नाही, म्हणून एक पाहिलेली गोष्ट सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या गावी, एका पतसंस्थेत मार्चअखेरीची व्याज आकारणी रात्री सुरू झाली ती दुसऱ्या दिवशी दुपार झाली तरी संपेना. काउंटरवर खातेदार उभे. मी तिथे रॅकच्या मागे केबलच्या कामाला होतो. सर्व्हर पुरवणाऱ्याचा माणूस समोरच्या पडद्यावर बोट ठेवून सांगत होता, यंत्र रिकामे आहे, बघा. देखभाल करणारी मंडळी फोनवर दुसऱ्या शहरातून सांगत होती, आमच्या आलेखात सगळे हिरवे आहे. राहता राहिली ती व्याजाचा प्रोग्रॅम लिहिणारी कंत्राटावरची मुलगी. तिच्या पडद्यावर शंभर टक्के होते. तिघांच्या आकड्यांत तिचा आकडा तिच्याच विरुद्ध पुरावा ठरला. तुझाच प्रोग्रॅम प्रोसेसर खातो, असे तिला सगळ्यांसमोर सुनावण्यात आले. त्या पेटीत प्रोसेसरचे आठ कोर होते आणि त्यावर चौदा पाहुणे बसवलेले होते, हे त्याच माणसाने सकाळी मला अभिमानाने सांगितले होते. पाहुणा रांगेत किती वेळ उभा होता हा आकडा कुठलाही हायपरव्हायजर ठेवतोच. त्या दुपारी तो कोणी उघडला नाही. जूनमध्ये त्या मुलीचे कंत्राट वाढवले गेले नाही. तिच्या प्रोग्रॅममध्ये दोष असेलही. पण तो होता की नव्हता हे ठरवायला लागणारा आकडा पाहण्याआधीच निकाल लागला होता.

यजमानाला सगळे दिसते असेही समजू नये. पाहुण्याच्या स्मृतीतली कोणती पाने वापरात आहेत हे कारभाऱ्याला बाहेरून कळत नाही. २००२ मध्ये कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी ईएसएक्सच्या स्मृतिव्यवस्थेवर निबंध लिहिला, तो या विषयातला मला सर्वांत आवडणारा. त्यातली युक्ती अशी : कारभारी पाहुण्याची शंभर पाने चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडतो आणि तीस सेकंदांत त्यातल्या किती पानांना पाहुण्याने हात लावला ते पाहतो. त्यावरून अंदाज. शितावरून भाताची परीक्षा. आणि स्मृती परत हवी असली, तर पाहुण्याच्या आत एक फुगा फुगवतो. पाहुण्याला वाटते, आपल्याच घरातल्या कोणीतरी जागा अडवली. आत बसून पाहणाऱ्या साधनाला मग स्मृती भरलेली दिसते, ती कोणी भरली हे दिसत नाही.

२०११ मध्ये व्हीएमवेअरने सर्व्हिस कन्सोल काढूनच टाकला. ईएसएक्सआय या नव्या रूपात यजमानासमोर बसून काम करणे हा अपवाद ठरला आणि ईएसएक्सटॉपची आरईएसएक्सटॉप नावाची दूरची आवृत्ती आली. कारण सुरक्षिततेचे होते आणि पटण्यासारखे होते; तो कन्सोल सांभाळणे, त्याला ठिगळे लावत राहणे हाच मोठा व्याप होता. त्यानिमित्ताने जवळ-दूर हा भेद किती वरवरचा होता हे उघड झाले. आरईएसएक्सटॉप लांबून चालते, पण हायपरव्हायजरलाच विचारते. कन्सोलवरचा टॉप यंत्रात बसून चालत असे आणि भलत्यालाच विचारत असे. अंतर केबलचे नव्हतेच. एवढे मात्र आहे की, यंत्र गुदमरते तेव्हा जाळे आधी जाते आणि दूरचा पडदा गोठतो. त्या वेळी रॅकजवळ उभ्या माणसाला पर्याय नसतो. थंडगार सर्व्हर रूममध्ये स्टुलावर बसून काढलेल्या रात्री ज्यांनी अनुभवल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको.

याच सुमारास प्रश्न तंत्राचा राहिला नाही, मालकीचा झाला. २००६ च्या ऑगस्टमध्ये ॲमेझॉनने झेनच्या आधारावर आभासी यंत्रे तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. आता पाहुणा एका कंपनीचा, यजमान दुसरीचा. ईएसएक्सटॉप, झेनटॉप ही सगळी यजमानाकडची साधने; भाडेकरूला ती मिळण्याचा प्रश्नच नाही. व्हीएम/३७० वरच्या साध्या वापरकर्त्याला इंडिकेट म्हणून जे विचारता येई, ते चाळीस वर्षांनंतरच्या पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला विचारता येत नव्हते. त्याच्या हाती उरली ती लिनक्सच्या टॉपमधली उजवीकडची शेवटची दोन अक्षरे : एसटी. त्याचा अर्थ स्टील, चोरी. तुला प्रोसेसर हवा होता तेव्हा तो दुसऱ्याला दिला गेला, असा वेळ.

शब्द जरा कडक आहे. जो वेळ मुळात आपला नव्हता तो चोरीला कसा जाईल, असे यजमान म्हणू शकतो. शिवाय हा आकडा पाहुण्याला स्वतः मोजता येत नाही, यजमानाने सांगावा लागतो. आरोपीनेच द्यायची साक्ष. व्हीएमवेअरवरच्या पाहुण्यांना कित्येक वर्षे या रकान्यात शून्यच दिसे. चोरी होत नव्हती म्हणून नव्हे. यजमान सांगत नव्हता म्हणून. तरीही तो रकाना आहे आणि ज्याच्यावर ठपका येतो त्याला दाखवण्यासाठी निदान एक आकडा आहे.

हा रकाना क्लाउडवाल्यांनी आणलेला नाही. २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.११ या आवृत्तीत तो आला तो आयबीएमच्या मेनफ्रेमवर लिनक्स चालवणाऱ्या मंडळींमुळे. त्यांचे लिनक्स झेड/व्हीएमच्या पोटात पाहुणे म्हणून राहत होते आणि झेड/व्हीएम हा त्या सीपी-४० चा थेट वंशज.